उगवण ६४ टक्के आली, म्हणजे फसवलंच का?

सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, तसं पिशवीच्या टॅगवर छापलेलं असतं. यंदा दुकानातून आणलेल्या पिशवीतले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठव्या दिवशी धड कोंब मोजले तर ६४. धाकटा भाऊ लगेच गाडीची चावी घेऊन निघाला, "फसवलं दादा, चल दुकानात."

म्हटलं, थांब जरा.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सारखाच शिजतो. बियाण्याचं तसं नाही, दाणा दाणा वेगळा. त्याच पिशवीतले दुसरे १०० घेतले तर ६९ येतील, तिसरे घेतले तर ६१. म्हणून आकडा एकटा वाचायचा नाही, दोन्ही बाजूंना जागा सोडून वाचायचा. संख्याशास्त्रवाले याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आपला ढोबळ हिशोब सोपा: दाण्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याने १०० ला भागा. १०० दाण्यांना १० टक्के इकडे-तिकडे, ४०० ना ५. आणि २५ दाण्यांना तब्बल २०! कुंडीत २५ दाणे टोचून कुणाला चोर म्हणू नये. असा टप्पा शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा आकडा पकडतो, बाकी वेळा हुकतोही.

तर आमचे ६४ म्हणजे ५४ ते ७४. सत्तर त्यात बसतंय, मग भांडणार कशावर? उलट ७२ आले असते तरी माल चोख म्हणता आलं नसतं, कारण टप्पा ६२ ते ८२.

बीज प्रयोगशाळेत ४०० दाणे लावतात ते उगाच नाही. मग पिशवीच्या वरून, मधून, तळातून काढून ४०० लावले. शेजारी घरच्या बियाण्याचे १००, म्हणजे गोणपाट सुकल्याचा दोष दुकानाच्या मालावर जायला नको. घरचे ८३ उगवले. दुकानाचे ४०० पैकी २५१, साधारण ६३ टक्के. टप्पा ५८ ते ६८. आता सत्तर बाहेर गेलं.

पावती, टॅग, लॉट नंबर जोडून तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय. दुकानदारावर आवाज चढवला नाही, पिशवी काही तो भरत नाही. पेरणी घरच्या बियाण्यावर.

तुम्ही उगवण तपासली असेल तर कळवा. नुसते टक्के नको, दाणे किती लावले तेही सांगा.