फुकट खेळाचा हिशोब कोण मांडणार?



पोरांच्या मोबाइल गेमवर बोलायचं झालं की आपल्या बैठकांत दोनच सूर निघतात. एक, "ही पिढी वाया गेली." दुसरा, "जाऊ द्या, फुकटचा तर टाइमपास आहे." बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकर भागातल्या वस्त्यांमध्ये गेली दहा-बारा वर्षं काम करताना जयंतीच्या नियोजनापासून वर्षावासाच्या कार्यक्रमापर्यंत मी हे दोन्ही सूर ऐकत आले आहे. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. पहिला सूर खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. दुसरा खेळ विकणाऱ्याला मोकळा सोडतो. खेळ फुकट कधीपासून झाला आणि तो फुकट आहे का, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

खिशातला खेळ फोनच्या आधीचा आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी 1980 मध्ये 'गेम अँड वॉच' बाजारात आणला आणि 1989 मध्ये 'गेम बॉय'. योकोईंचं सूत्र साधं होतं: जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्यातून नवा खेळ काढायचा. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, त्यात दिवा नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तो कित्येक तास चालायचा. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तयार केलेला 'टेट्रिस' त्यावर गाजला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून जवळपास 12 कोटी यंत्रं जगभर विकली गेली.

त्यातलं एकही आमच्या वस्तीत आलं नाही. आमच्याकडे आला तो टेट्रिसची चिनी नक्कल असलेला ब्रिक गेम. डब्यावर '9999 इन 1' लिहिलेलं असायचं, आत खेळ मोजून दहा-बारा. मामानं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेल्यावर एका स्टॉलवरून तो माझ्या भावासाठी आणला होता. किंमत शंभराच्या आत. भाऊ खेळायचा, मी मागून पाहायचे. माझा नंबर सेल उतरायला लागले की यायचा. मग आम्ही सेल काढून उन्हात ठेवायचो आणि आणखी अर्धा तास मिळवायचो.

हे मी जुन्या दिवसांच्या आठवणीत रमण्यासाठी सांगत नाही. त्या काळात आमच्या वाट्याला नक्कलच होती, आणि तीही भावाच्या हातात. पण त्या डबड्याची एक गोष्ट आजच्या चर्चेत महत्त्वाची आहे. विकणाऱ्याचा आणि आमचा व्यवहार त्या दिवशी त्या स्टॉलवरच संपला होता. पुढचा खर्च फक्त सेलचा. रात्री दोन वाजता "परत ये, तुझं बक्षीस थांबलंय" असा निरोप तो ब्रिक गेम पाठवू शकत नव्हता. हरलं की पडद्यावर 'गेम ओव्हर' यायचं आणि खेळ खरंच संपायचा.

मग फोन आला. 2003 च्या नोकिया 1100 मध्ये टॉर्चबरोबर सापाचा खेळ होता. आपल्याकडे हातातल्या गेमची विक्री आधी त्या सापानं खाल्ली, स्मार्टफोन नंतर आला. जगात खरी टक्कर 2008 मध्ये ॲपलनं फोनवर ॲपचं दुकान उघडल्यावर सुरू झाली. निन्टेन्डोच्या 'डीएस' या यंत्राची विक्री 15 कोटींच्या वर गेली होती. त्याच्यानंतरचं 'थ्रीडीएस' 2011 मध्ये आलं आणि काही महिन्यांतच त्याची किंमत 250 डॉलरवरून 170 डॉलरवर आणावी लागली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी तेव्हा स्वतःचा पगार निम्मा केला. थ्रीडीएस शेवटी साडेसात कोटींच्या आसपास थांबलं, म्हणजे आधीच्या यंत्राच्या निम्म्यावर. सोनीचं 'व्हिटा' त्याच वर्षी आलं आणि 2019 पर्यंत बंदही झालं.

यातला सर्वांत शिकवणारा प्रसंग पुढचा आहे. बरीच वर्षं नकार दिल्यावर निन्टेन्डो फोनवर उतरली आणि डिसेंबर 2016 मध्ये तिनं 'सुपर मारिओ रन' आणला. सुरुवात फुकट, पुढचा पूर्ण खेळ एकदाच 10 डॉलर देऊन. ब्रिक गेमसारखाच व्यवहार: एकदा पैसे द्या, विषय संपला. लोकांनी कोटींच्या संख्येनं तो उतरवून घेतला, पण पैसे देणारे थोडे निघाले. कमाई अपेक्षेइतकी झाली नाही, हे कंपनीनंच मान्य केलं. दोन महिन्यांनी त्याच कंपनीनं 'फायर एम्ब्लेम हिरोज' आणला. खेळ फुकट, पण त्यातली पात्रं नशिबानं मिळणार. हवं ते पात्र मिळेपर्यंत पैसे टाकत राहायचे. फोनवर कंपनीला मोठी कमाई त्यानं करून दिली. कंपनी तीच, ग्राहकाच्या हातातला फोनही तोच. जिंकला तो पैसे काढण्याचा दुसरा मार्ग.

म्हणून 'स्मार्टफोननं गेमचं यंत्र मारलं' हे वाक्य अपुरं आहे. यंत्र मेलं नाही. 2017 मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचची विक्री 15 कोटींच्या पुढे गेली. पण तो घेणारा वर्ग वेगळा. भारतात तर कंपनीनं तो अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. मोठ्या शहरांतल्या दुकानांत बाहेरून आलेला माल मिळतो, त्याची किंमत आपल्याकडच्या मजुराच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतकी. ज्याच्याकडे पैसे आहेत तो एकदाच किंमत मोजून जाहिरातीशिवाय खेळतो. ज्याच्याकडे नाहीत तो 'फुकट' खेळतो आणि थोडं थोडं करून देत राहतो.

आपल्या घरांत फोन गेमसाठी आलाच नव्हता. तीन हजारांचं खेळणं आपली आई कधी घेणार नाही. पण शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, पोलीस भरतीचा फॉर्म, बाहेरगावी कामाला गेलेल्या वडिलांशी बोलणं, यांसाठी आठ-दहा हजारांचा फोन ती हप्त्यानं घेते. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि नेट परवडू लागलं. 2018 मध्ये पबजी आला. 2020 च्या टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये गेली. त्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, पुढच्या वर्षी तोच खेळ भारतीय नाव लावून परतला. शाळा उघडली, फोन पोराच्या हातातच राहिला. जे यंत्र गरजेपोटी घरात आधीच आलेलं आहे, त्याच्याशी फक्त खेळायचं यंत्र कसं स्पर्धा करणार?

आता आपल्या वस्तीतला हिशोब. एका गावातला पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा. सकाळी धावणं, दुपारी अभ्यासिका, रात्री गेम. घरातला एकमेव स्मार्टफोन त्याच्याकडे. त्यात आईच्या बँक खात्याला जोडलेलं यूपीआय. त्या खात्यात लाडकी बहीणचे 1,500 रुपये यायचे. ते लवकर संपतात म्हणून आई बँकेत विचारायला गेली आणि तिथून माझ्याकडे आली. मी आणि त्या पोरानं बसून तीन महिन्यांच्या नोंदी कागदावर उतरवल्या. 29 रुपये, 80 रुपये, परत 29, एकदा 400. बंदुकीचा रंग, पात्राचा पोशाख, नशिबाची पेटी. बेरीज 4,210 रुपये. तो स्वतःच गप्प झाला, कारण एका वेळी त्यानं कधीच मोठी रक्कम दिली नव्हती. आई म्हणाली, "ताई, म्या तं समजली गेम फुकट हाय, म्हून त्याले कधी बोलली नाही." सोयाबीन सोंगायला तिला दिवसाला 300 रुपये मिळतात. ते चौदा दिवस होते.

या व्यवहाराची रचना समजून घ्या. रुपयाचं आधी डायमंड किंवा नाण्यांत रूपांतर होतं, म्हणजे खर्च रुपयांत दिसत नाही. वस्तू थेट विकली जात नाही, पेटी विकली जाते. पेटीत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगानं 2018 मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे योग्य झालं. पण कायद्याचा रोख रमीसारख्या पैशांच्या डावांवर आहे. पेटी उघडायची सवय आपली आपल्यालाच ओळखावी लागेल. तथागतांनी सिगाल या तरुण गृहस्थाला संपत्तीच्या नाशाची सहा दारं सांगितली, त्यात एक जुगाराचं आहे. त्या दारावर आज 'फुकट' अशी पाटी लावलेली आहे, एवढाच फरक.

इथे आपले काही ज्येष्ठ म्हणतील, मग फोनच काढून घ्या. मला हे मान्य नाही, आणि त्याचं कारण बाबासाहेबांकडेच आहे. 1945 च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादावर लिहिताना ते यंत्राच्या बाजूनं उभे राहतात. त्यांचा युक्तिवाद असा: माणसाला पशूसारखं राबण्यातून सोडवायचं तर फुरसत हवी, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि फुरसत यंत्रच देऊ शकतं. यंत्राचा लाभ मूठभरांनाच मिळत असेल तर दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे, ती बदला. मजूर खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे असताना कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारं विधेयक त्यांनी मांडलं, त्यामागेही हाच विचार दिसतो.

म्हणजे फुरसत हा आपला हक्क आहे आणि खेळ तिचाच भाग आहे. ज्यांच्या आजोबांना वेठबिगारीतून उसंत नव्हती, त्यांच्या नातवानं तासभर खेळणं ही लाज वाटायची गोष्ट नाही. पुण्याच्या सोसायटीतला मुलगा खेळला की 'ई-स्पोर्ट्समध्ये करिअर' आणि भीमनगरातला खेळला की 'वाया गेला', ही भाषा कुठून येते हे समाजशास्त्राच्या पदवीशिवायही कळतं. माझा आक्षेप खेळावर नाही. कष्टानं मिळवलेली फुरसत कोणीतरी पुन्हा भाड्यानं आपल्यालाच विकतंय, यावर आहे.

आणि ही फुरसत सगळ्यांना मिळते का? माझ्या कामातल्या मुलींना विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच: "फोन दादाजवळ असते." ब्रिक गेमच्या वेळी माझा नंबर सेल उतरल्यावर यायचा, आज त्यांचा नंबर चार्जिंग उतरल्यावर येतो. पोरगा गेममुळे बिघडतो यावर आपण बैठका घेतो. पोरीला खेळायलाच काय, भरतीचा फॉर्म भरायलाही फोन मिळत नाही, यावर घेत नाही.

तरुण मित्रमैत्रिणींना म्हणून चार कामं सांगते. आपल्या अभ्यासिकेत एक वही ठेवा. प्रत्येकानं गेल्या तीन महिन्यांत गेमवर गेलेले रुपये मोजून लिहावेत, डायमंड नव्हे, रुपये. नाव लिहायची सक्ती नको, बेरीज पुरे. दुसरं, आई-वडिलांच्या खात्याचं यूपीआय गेमच्या फोनमधून काढा. तिसरं, विहारात कॅरम आणि बुद्धिबळ मांडा आणि घरातल्या फोनचा ठरलेला तास बहिणीचा करा. चौथं, जो गेममध्ये पैसे हरला त्याची भर बैठकीत शोभा करू नका. त्याला कागद-पेन द्या आणि सोबत बसा. त्या पोरानं बेरीज केली त्या आठवड्यात यूपीआय काढून टाकलं. गेम तो अजून खेळतो, रात्री तासभर. भरतीचं मैदान पुढच्या महिन्यात आहे.

आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या वहीतला हिशोब वाचता यावा म्हणून अक्षरं गिरवली. ही नवी वही आपल्याच हातातल्या फोनमध्ये आहे. ती उघडा आणि वाचा.

जय भीम, नमो बुद्धाय.