दोनशे तासांचा हिशेब

मे महिन्यात ग्वाल्हेरला जाऊ नये असे म्हणतात. मी गेलो, कारण मामांचा फोन आला होता. फोनवर ते एवढेच म्हणाले, "बेटा, तू बी. कॉम. करतोस ना? मग एकदा येऊन जा. घरात एक हिशेब अडलाय." गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट ग्वाल्हेरला नेऊन सोडते, त्यामुळे गाडी बदलण्याचा त्रास ही सबबही पुढे करता येईना.

मामांचे घर लष्करात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिंद्यांच्या काळी तिकडे गेलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक. बोलणे मराठीच, पण निम्मे हिंदीत भिजलेले. हिशेब निघाला तो मामेबहिणीचा. बारावी झाल्यावर तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे होते आणि प्रशिक्षण परदेशात घ्यायचे होते.

या खुळाचे खापर मामी महाराजपूरच्या हवाई तळावर फोडतात. १९८५ पासून तेथे मिराज विमाने आहेत. ती डोक्यावरून गेली की या घरातले बोलणे मध्येच थांबते, आणि आवाज विरला की वाक्य जिथे तुटले तिथून पुढे सुरू होते. "हे ऐकून ऐकूनच पोरीचं डोकं फिरलं," मामी म्हणाल्या. गंमत अशी की त्याच रात्री गच्चीवर मामींनीच मला कॅप्टन सौदामिनी देशमुखांविषयी सांगितले. १९८५ साली त्यांनी फोकर फ्रेंडशिप विमान नेले होते, आणि त्यात सगळ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या. मामी तेव्हा शाळेत होत्या. वर्गात बाईंनी ती बातमी वाचून दाखवलेली त्यांना अजून आठवते. तेव्हा डोके नक्की कुणामुळे फिरले, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला.

आता मुख्य गोष्ट. मुरारच्या बाजूला मामांचा एक प्लॉट आहे. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेला, म्हातारपणाचा एकमेव आधार. त्याला गिऱ्हाईक ठरले होते आणि विसार, मामांच्या भाषेत बयाना, हातात आला होता. दिल्लीच्या एका मध्यस्थाने अमेरिकेतल्या एका उड्डाणशाळेची गुळगुळीत पुस्तिका दिली होती. दहा महिन्यांत परवाना, आणि महिनाअखेरीपर्यंत सगळी फी एकरकमी भरल्यास दहा टक्के सूट. रक्कम येथे लिहीत नाही. मामांना ते आवडणार नाही. "दहा टक्के म्हणजे किती होतात बघ तरी!" ते मला पुन्हा पुन्हा म्हणत होते. सूट मोठी होती, यात शंका नाही.

मामेबहिणीने मात्र एका वहीत वेगळाच हिशेब मांडला होता. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी उड्डाणाचे २०० तास लागतात. त्यांतले १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून झालेले असावे लागतात. शिवाय रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून केलेले उड्डाण, ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास, असे प्रत्येकाचे वेगळे रकाने. परदेशातून परवाना आणला तरी तो इथे बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे पेपर द्यावे लागतात आणि हे रकाने भरलेले दाखवावे लागतात.

पुस्तिकेतला अभ्यासक्रम १९० तासांचा होता. यात लबाडी काहीच नव्हती. अमेरिकेत मान्यताप्राप्त शाळेच्या एका विशिष्ट पद्धतीने शिकल्यास १९० तासांत परवाना मिळतो. दुसऱ्या पद्धतीने २५० लागतात. म्हणजे मुलगी अमेरिकेचा परवाना घेऊन सन्मानाने परत आली असती, आणि भारतात दहा तास कमी पडले असते! ते दहा तास कुठे आणि कुणाच्या पैशाने उडायचे, हे पुस्तिकेत नव्हते. मध्यस्थाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "वो बाद में हो जाएगा."

मग मीही पेन्सिल घेऊन बसलो. तिने त्या शाळेतून शिकून आलेल्या एकाला गाठून विचारले होते. पुस्तिकेत विमाने बारा, पण त्याच्या वेळी रोज उडणारी पाच आणि विद्यार्थी चाळीस. चाळीस जणांचे प्रत्येकी २०० म्हणजे ८,००० तास. एक विमान दिवसाला चार तास उडाले तर पाचांचे २० तास. म्हणजे ४०० दिवस, तेही एकही दिवस ढग, वारा किंवा बिघाड न होता. शिवाय तिकडे शिकवणीच्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी करावीच लागते. दिवसाला चार तास धरले तर ते विमान दर पंचवीस दिवसांनी हँगरमध्ये जाणार. दहा महिन्यांचे वचन कागदावरच मोडले.

आणखी एक गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे १,५०० तास लागतात. ते भरून काढायला तरुण वैमानिक उड्डाणशाळेत शिकवतात आणि तास पुरे झाले की निघून जातात. म्हणजे अर्ध्या वाटेवर गुरू बदलतो, आणि नवा गुरू म्हणतो, पुन्हा एकदा सुरुवातीपासून बघू. त्या 'पुन्हा'चेही तासाप्रमाणे बिल होते. गायनाच्या या शहरात गुरू बदलण्याचे दुःख मामांना समजावून सांगावे लागले नाही.

"मग इथेच का नाही?" मामांनी विचारले. प्रश्न रास्त होता. फुरसतगंजची राष्ट्रीय अकादमी आहे, आपल्या गोंदियाजवळ बिरसीला संस्था आहे, सांबऱ्यालाही अलीकडे शिकाऊ विमाने दिसू लागली आहेत. तिने फुरसतगंजची प्रवेश परीक्षा दिली होती; नंबर लागला नाही. हे सांगताना ती वहीकडेच पाहत होती.

आम्ही चार शाळांना तेच सहा प्रश्न पाठवले. आज उडण्याजोगी विमाने किती? विद्यार्थी किती? गेल्या वर्षी २०० तास पुरे करायला प्रत्यक्षात किती महिने लागले? सिम्युलेटरचे तास कशात धरता? फी हप्त्याने घेता का? मध्येच सोडले तर उरलेले पैसे किती दिवसांत परत देता? दोघांनी पुन्हा पुस्तिकाच पाठवली. तिसऱ्याने उत्तर दिले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका लहान शाळेने मात्र लिहिले की आमचे पठार उंच आहे, उन्हाळ्यात हवा विरळ होते, दुपारी वादळे येतात, म्हणून त्या महिन्यांत सकाळीच उडतो. चौदा महिने धरून चला. पैसे दर महिन्याला, उडालेल्या तासांपुरते. मामांनी ते पत्र दोनदा वाचले. "हा माणूस स्वतःच्या दुकानाची खोट सांगतोय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच सुटीविषयी बोलले नाहीत.

पण सगळ्यांत सोपा प्रश्न आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. तो मामींनी विचारला, तोही पोळ्या लाटता लाटता. "डोळे तपासलेत का हिचे?"

कुणी काही बोलेना. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी कडक असते; आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर हा रस्ता तिथेच बंद होऊ शकतो. मामांच्या आजोबांना हिरवा-तांबडा ओळखता येत नसे, हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि विनोद म्हणून सांगितले जाई. असा दोष आईकडून मुलाला येतो आणि मुलींत क्वचितच आढळतो, असे मी म्हटले. मामी म्हणाल्या, "क्वचित म्हणजे नाही असं नव्हे ना?" प्लॉटचे गिऱ्हाईक, दहा टक्के सूट, चाळीस विद्यार्थी, पाच विमाने, सगळे झाले, आणि पोरीला अजून डॉक्टरसमोर उभे केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामांनी बयाना परत केला. गिऱ्हाईकाने दारात उभे राहून बरेच काही ऐकवले; मामांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले. महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली. आफ्रिकेच्या शाळेला कळवले की तपासणीनंतर लिहू. मध्यस्थाचे फोन येतच होते. सूट आता बारा टक्के झाली होती.

माझी सुटी संपली. मामेबहीण मला स्टेशनवर पोचवायला आली. फलाटावर आम्ही उभे होतो तेव्हा तिने हळूच विचारले, "दादा, तो पुढचा सिग्नल तांबडा आहे ना?" मी हो म्हटले. "आणि त्याच्या पलीकडचा हिरवा?" तोही हिरवाच होता. गाडी येईपर्यंत तिने आणखी तीनदा विचारले.