मे महिन्यातलं ‘मे’

१ मे
नागपूरच्या संविधान चौकातून येताना काळ्या फिती लावलेली मंडळी दिसली. महाराष्ट्र दिन हा वेगळं राज्य मागणाऱ्या विदर्भवाद्यांचा काळा दिवस, हे आमच्याकडे ठरलेलं. घरी आलो तर शेजारची पोरगी व्याकरणाची वही घेऊन बसलेली. यंदा दहावी. ‘आबाजी, हे मे म्हंजे काय होते? शक्यता का परवानगी? पेपरात फंक्शन विचारतात न.’

जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी उत्तर चटकन ओठावर येईना. वर्गाच्या दारात पोरं ‘मेआयकमिन्सर’ असा एकच लांबलचक शब्द ओरडायची. त्यातलं मे कुठं संपतं हे त्यांना ठाऊक नसे, आणि आत घेतलं की शब्दाचं कामही संपलेलं असे. तीच पोरं घरी ‘येऊ का?’ विचारत. मराठीत परवानगी क्रियापदाच्या शेपटातच मावते.

पोरीला म्हटलं, ‘मे आय असं विचारलं तर परवानगी, इट मे रेन म्हटलं तर शक्यता.’ तिनं लिहून घेतलं. माझंच समाधान झालं नाही.

४ मे
हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात विदर्भात वादळी पाऊस ‘लाइकली’. शेजारच्या वहिनींनी गच्चीवर कुरड्या घातलेल्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे शिजवून पाडलेल्या. जुन्या लुगड्यावर पांढऱ्या वेटोळ्यांच्या रांगा. वरून कडक, पण उलटल्या की पोटाशी अजून ओलसर. ‘भाऊजी, पाणी येईन का हो?’

पत्रकाच्या तळाशी तक्ता असतो. पंचवीस टक्क्यांच्या आत असेल तर ‘अनलाइकली’, पंचवीस ते पन्नास ‘लाइकली’, पन्नास ते पंचाहत्तर ‘व्हेरी लाइकली’, त्याच्यावर ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे नुसतं लाइकली हे रुपयात फार तर आठ आणे! मराठी बातमीत त्याची सरसकट ‘शक्यता’ होते, आणि वाचणारा छत्री शोधतो. वहिनींना म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि लुगडं चारी टोकांनी उचलून खाली नेलं. पाऊस आला नाही.

(वऱ्हाडी बोलीत ‘तो येईन’ आणि ‘मी येईन’ सारखंच. पाऊस आपल्याच तोंडानं कबूल करून गेल्यासारखा वाटतो.)

९ मे
दुपारी कुलरसमोर संविधान काढून बसलो. कलम ३७१, खंड दोन. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि नोकरीच्या पुरेशा सोयी, यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची सोय त्यात आहे. सोयच. कारण वाक्याच्या तोंडाशी बसलंय ‘प्रेसिडेंट मे’. कायद्याच्या मराठीत शॅलचं ‘करील’ होतं आणि मेचं ‘करता येईल’.

हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतलं. राष्ट्रपतींचा आदेश निघाला मार्च १९९४ मध्ये, मंडळं आली त्या वर्षीच्या १ मेला. अडतीस वर्षं ते ‘करता येईल’ तसंच पडून होतं. मधल्या काळात दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे मागं पडलेल्या भागांच्या विकासाची थकबाकी, मोजून ३,१८६ कोटींवर नेला. त्यातले १,२४६ कोटी एकट्या विदर्भाचे. अनुशेष हा शब्द आमच्याकडे पानठेल्यावरही चालतो, तो तेव्हापासून. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुनर्गठनाचा निर्णय घेतला, तेव्हा पुन्हा त्याच ‘मे’च्या दारात जाऊन उभं राहणं आलं.

विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात वर्षाला विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं घेण्याचं ठरलं होतं. ते बहुतेक दर हिवाळ्यात होतं. मोर्चे, बॅरिकेड, हुरडा, सगळं. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून चुकलं की ओरड होते. मंडळाची मुदत संपल्याचा आवाज कुणाला येणार?

१६ मे
शब्दकोश चाळला. इंग्रजी मेचा जुना अर्थ शक्यता नव्हेच. अंगात बळ असणं, समर्थ असणं. माइट म्हणजे ताकद, ते त्याचंच भावंड. आणि आपलं ‘शक्य’ कुठून आलं? शक् धातूतून, जिथून शक्ती आली. दोन्ही भाषांत आधी बळ होतं, मागाहून ‘कदाचित’ आलं. कायद्यानं जुना अर्थ सांभाळून ठेवलाय. तिथलं मे म्हणजे ज्याच्या हाती आहे त्याचा अधिकार. आम्ही मात्र ते पाऊसपाण्यासारखं वाचत बसलो, होईन म्हणून. अधिकाराला कर्तव्य चिकटलेलं दिसलं तर न्यायालयं कधीकधी मेचा अर्थ शॅल असा लावतात. कधीकधी.

२५ मे
नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. बाहेर पाऊल टाकवत नाही. पोरगी संध्याकाळी वही घेऊन आली. मेची पाच वाक्यं करायची होती. चार पावसाची आणि पाहुण्यांची. पाचवं माझ्या टेबलावरच्या उघड्या पानातून उचललेलं, प्रेसिडेंट मे. पुढं फंक्शनची जागा कोरी.

‘हे शक्यता नाही वाटत, आबाजी. अन् परवानगी तरी कोण देईन त्यांना?’

‘अधिकार,’ मी म्हटलं.

तिनं गाइडची पानं मागंपुढं केली. ‘अधिकार नाही हो यात.’

‘मग पॉसिबिलिटी लिही. मार्क मिळेल.’

तिनं लिहिलं. मी कुलरमध्ये पाणी टाकायला उठलो.