मोजदाद

दोन हातांनी दिवसभरात किती कामे होतात याची मोजदाद हात धड असेपर्यंत कोणी करीत नाही. भाजीची जुडी सोडणे, साडीला निऱ्या घालणे, दाराची कडी काढणे, जमिनीवर पडलेले नाणे उचलणे, ही कामे आहेत असेच मुळी आपल्याला वाटत नाही. माझ्या थोरल्या आत्याच्या हातांनी मला ती एकेक करून मोजायला लावली.

आत्याला ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ हा आजार आहे. स्क्लेरोडर्मा हे त्याचे दुसरे नाव. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘कठीण त्वचा’. शरीराची रोगांशी लढणारी शक्ती शरीरावरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि त्वचेत नको तितके तंतू साठून ती आवळत जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो. आत्याच्या बाबतीत सुरुवात साधी होती. हिवाळ्यात पहाटे पाण्यात हात घातला की बोटे पांढरीफटक पडत, मग निळी, मग लाल. पुढे कातडी ताणली गेली आणि वाकलेली बोटे सरळ होईनात. तोंड पुरते उघडेना. घासागणिक पाण्याचा घोट लागू लागला.

हा आजार हमखास बरा करील असे औषध अजून नाही. त्रास कमी करणारी, वाढीला आळा घालणारी औषधे आहेत. शहरातल्या डॉक्टरांनी १७ ठिकाणची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि प्रत्येक ठिकाणाला ० ते ३ असे गुण दिले. एकूण गुण ५१. या परीक्षेत गुण जितके जास्त तितके वाईट! मग प्रश्न विचारले. कपडे घालता येतात का? भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का? आत्याने सगळी उत्तरे खरी दिली. पण भाकरी थापता येते का, बांगडी चढते का, हे त्या कागदावर नव्हते.

काचेची बांगडी भरायची तर पंजा दाबून निमुळता करावा लागतो. आत्याचा पंजा दबत नाही. जुन्या बांगड्या वाढवल्या, नव्या चढेनात. घरधनी हयात आणि मनगटे रिकामी! हळदीकुंकवाला बायकांची नजर आधी मनगटावर जाई, मग चेहऱ्यावर. चेहऱ्याची कातडीही ओढलेली. ती हसते ते फक्त डोळ्यांत दिसते. कोणी म्हणाले, गर्व झाला. कोणी कुजबुजले, महारोग आहे. हळूहळू बोलावणी बंद झाली.

कुष्ठरोगात कातडी बधिर होते. आत्याच्या बोटांना गार वाराही झोंबतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. आणि कुष्ठरोग असता तरी काय? तोही औषधाने बरा होतो. बाबा आमट्यांनी जिथे आनंदवन उभारले, त्या महाराष्ट्रात हे अजून सांगावे लागते!

ग्रंथालयात चित्रकार पॉल क्लेविषयी वाचले. १९३५ साली तो आजारी पडला. तो आजार हाच असावा, असे त्याच्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी अनुमान काढले. १९३६ मध्ये त्याच्या हातून जेमतेम पंचवीसेक चित्रे झाली. १९३९ मध्ये मात्र बाराशेहून अधिक! १९४० साली तो वारला. आपल्या चित्रांची क्रमवार नोंद तो स्वतः ठेवीत असे, म्हणून हे आकडे आपल्याला कळतात.

मोठ्या उत्साहाने मी हे आत्याला सांगितले. तिला धीर येईल असे वाटले होते. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “त्याची चित्रं मोजली. माझ्या भाकऱ्या कुणी मोजल्या रे?”

तिची बोटे आखडली हे आम्हाला सर्वांना दिसत होते. परातीपुढची जी जागा तिची होती, जिच्यामुळे घरात तिचा शब्द चाले, तीही गेली, हे कोणालाच दिसले नव्हते. डॉक्टरांना नाही, आम्हालाही नाही.

मी वहीत हिशेब मांडला. खटल्याचे घर, रोजच्या किमान २० भाकऱ्या, ३० वर्षे. दोन लाख एकोणीस हजार. आकडा मोठ्याने वाचून दाखवला. आत्याचे डोळे हसले.

“सणावाराला पोळ्या असायच्या,” ती म्हणाली. “ते दिवस वजा कर.”