परकराचा रंग

२००३ साली न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या दोन खोल्यांत महिनाभर एकच वाद चालला होता: प्लस की मायनस? लेकीचा पहिला वाढदिवस मिनी डीव्ही कॅसेटवर टिपला होता आणि तो सांगलीत आईला दाखवायचा होता. कॅमेरा पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरला डीव्हीडी बर्नर बसवायचं ठरलं.

पायोनिअरचा घरगुती बर्नर २००१ मध्ये आला तेव्हा किंमत हजार डॉलरच्या घरात होती. आता तो आमच्या आवाक्यात आला होता, पण कंपन्यांत भाऊबंदकी माजली होती. पायोनिअरवाले डीव्हीडी-आर म्हणत, फिलिप्स आणि एचपी डीव्हीडी+आर. दोन्ही तबकड्या सारख्याच चकचकीत, दोन्हींत ४.७ जीबी (कॉम्प्युटर मात्र ४.३८च दाखवी, किराणा दुकानातला तराजू आठवायचा). जुने प्लेअर मायनस जास्त मुकाट्याने वाचतात, असं ऑफिसातले जाणकार सांगत. बर्नर एडिसनला लागणार, पण निवड करायची ती सांगलीतल्या आईच्या प्लेअरकडे बघून! आईला फोनवर विचारलं, "तुझ्या प्लेअरवर काय लिहिलंय?" ती म्हणाली, "धूळ बसलीय, पुसून सांगते." तेवढ्यात फोनकार्ड संपलं.

शेवटी दोन्ही लिहिणारा घेतला. असा पहिला बर्नर सोनीने आदल्याच वर्षी काढला होता. कॉम्प्युटरचा डबा उघडून चपटी केबल लावली, मास्टर-स्लेव्हचा चिमुकला जंपर चिमट्याने बसवला. चारपट वेगाने तबकडी पंधराएक मिनिटांत होते, असं खोक्यावर छापलं होतं. त्याआधी व्हिडिओचं रूपांतर व्हायला रात्र जायची, ते छापलं नव्हतं. त्या वेळात कुणी माऊसला हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. "आता जाळतोय," असं मी फोनवर म्हणालो, तर आई म्हणाली, "वाढदिवसाचं आहे ना रे? जाळतोय काय म्हणतोस!"

तीन आठवड्यांनी तिचा निरोप आला. "दिसलं रे सगळं. पण काळंपांढरं. परकर कुठल्या रंगाचा होता?"

प्लस-मायनसच्या नादात टीव्हीचा विचारच केला नव्हता. अमेरिकेतला एनटीएससी ५२५ रेषांचा, भारतातला पाल ६२५ रेषांचा. रंग सांगायची दोघांची रीतही वेगळी. तिच्या जुन्या टीव्हीला चित्र कळलं, रंग कळला नाही. "मोरपंखी," मी सांगितलं. पुढची तबकडी पालमध्ये करून पाठवतो, असंही म्हणालो. ती करायची राहून गेली, आणि मग आईने टीव्हीच बदलला.

आई गेल्यावर कपाटात ती तबकडी सापडली, इस्त्रीच्या साड्यांखाली. ती इकडे आणली, तर घरातल्या एकाही लॅपटॉपला खाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. प्लस की मायनस, हे आता त्याच्या खोक्यावर बघायचंही सुचलं नाही. तबकडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि लागली. कॉम्प्युटरला ५२५ काय न् ६२५ काय, रंग सगळे जागच्या जागी होते.

लेक वेष्टन हातात घेऊन बसली होती. त्यावर बॉलपेनने आईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'परकर मोरपंखी'.

"बाबा," ती म्हणाली, "हा तर जांभळा आहे."