डाव्या खांद्याची रायफल

बोल्टची मूठ उजवीकडे असते. डावखुऱ्या माणसाला हे रायफल हातात घेतल्याच्या पहिल्या दिवशी कळतं. मूठ उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. प्रत्येक गोळीमागे या चार हालचाली, आणि चारही उजव्या हाताच्या.

आमचं कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर. सोलापूरच्या दुसऱ्या अंगाला, विजापूर रस्त्यावरच्या सोरेगावात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 10 आहे. मामा तिथे जवान होते. त्यांची ‘थ्री नॉट थ्री’ मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती तिथेच. दस्त्याच्या पितळी झाकणाआड तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी, म्हणजे पुलथ्रू. बोल्टवर आणि रायफलच्या अंगावर एकच क्रमांक कोरलेला. एकीचा बोल्ट दुसरीला लावायचा नाही, कारण ते दोन भाग एकमेकांना नेमके बसवलेले असतात.

“मामा, डाव्या हाताची नसती का?”

“न्हाई रं. सरकार समद्यांना एकच देतंय.”

कॉलेजात एनसीसीची .22 मिळाली. उस्तादांनी दस्ता माझ्या डाव्या खांद्यावरून उचलून उजव्या खांद्यावर ठेवला. रांगेत सगळे सारखे दिसले पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. ‘शिस्त ले’, म्हणजे नेम धर, असं म्हटलं की मी डावा डोळा मिटायचो. तोच माझा वरचढ डोळा. पाच गोळ्यांचा गट जमायचा, पण मान आखडायची, आणि ती रायफल दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटत राहायचं.

पुढे नोकरी, संसार, आणि नेमबाजीचा परवाना मिळाल्यावर स्वतःच्या रायफलीचा शोध. स्वस्तात मिळत होती ती .315. मामांच्यासारखी लष्करी मापाची .303 सामान्य माणसाला ठेवता येत नाही, म्हणून हुगळीकाठच्या इशापूर कारखान्याने तोच ली-एनफिल्डचा सांगाडा ठेवून या मापाची रायफल बनवली. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातली. नान्नजकडच्या एका जुन्या घरात अशी एक भिंतीला होती. नान्नजच्या माळावर कधीकाळी काळवीट मारले जात. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झालं, आणि शिकारीची रायफल कामावाचून राहिली. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या माळावर माळढोक चालताना ज्याने पाहिला, त्याला वाटणारही नाही. मी ती घेतली नाही.

मला कागदावर नेम धरायचा होता. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला याच अंतरावर, झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत मिळून 451.4 गुण करून कांस्य आणलं. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. हे सगळं .22 वर. एवढी छोटी गोळी, आणि एवढी मोठी मजल!

डाव्या हाताचा बोल्ट असलेली परदेशी रायफल माझ्या ऐपतीबाहेरची होती. एका निवृत्त नेमबाजाकडे जुनी जर्मन .22 होती. बोल्ट उजवा, दस्ता चिरलेला, पण नळी आतून आरशासारखी. मी तीच घेतली, आणि कुणी विचारलं तर आजही हेच सांगेन: पैसा थोडा असेल तर तो नळीत आणि बोल्टमध्ये घालावा. चांगली नळी पुन्हा मिळत नाही. लाकूड नव्याने घडवता येतं.

अर्थात घरच्या पडवीत बसून नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती आणि फेरबदल यांनाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराने माझ्या गालाचं, मानेचं, हाताच्या लांबीचं माप घेतलं आणि शिसवीचा नवा दस्ता घडवला. गालपट्टी यावेळी उजव्या बाजूला, माझ्या डाव्या खांद्यासाठी. नळी लाकडाला कुठेही टेकू द्यायची नाही, मधून कागदाची पट्टी सरकली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. लाकूड केसभर वाकून नळीला भिडलं तरी गोळ्यांचा गट सरकतो. म्हणून एप्रिलमध्ये ती पट्टी पुन्हा फिरवली. एका ठिकाणी अडली, तेवढं तासून घेतलं.

बोल्ट मात्र उजवाच आहे. पुढचा आधार सोडून उजव्या हाताने तो ओढायचा आणि पुन्हा पहिल्यासारखं स्थिरावायचं, यात वेळ जातो. स्पर्धेत तो महाग पडतो. सरावात मी तो आनंदाने देतो, कारण दस्त्यावर गाल टेकला की आता मान आखडत नाही, आणि डावा डोळा उघडा असतो.