षड्ज जेव्हा खाली उतरतो

गाण्याच्या क्लासात सगळ्यात आधी कानावर पडलं ते हे की, सा आणि प अचल. बाकीचे स्वर कोमल होतील, मध्यम तीव्र होईल, हे दोघे जागचे हलायचे नाहीत. पेटीवाले मागोमाग यायचे, पण गाणाऱ्याच्याच वाटेनं. एकाच वेळी दोन वाटा चालता येतात, हे आमच्या गावीही नव्हतं.

रेडिओवर मात्र शंकर-जयकिशनची गाणी लागायची. लता गातेय आणि खाली व्हायोलिनं भलतंच काही बोलताहेत! त्या ओळी लिहिणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, हे पुढे कॉलेजात कळलं. वादक मंडळी त्या ओळींना ‘ऑब्लिगॅटो’ म्हणत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत, त्यांतलीच कितीतरी मुंबईच्या स्टुडिओंत आली. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विसही गोव्याचेच. गोव्यात तर मांडो म्हणतानासुद्धा कुणीतरी सहज दुसरा आवाज लावतं.

चाळिशी उलटल्यावर मी एका पियानोच्या बाईंकडे हार्मनी शिकू लागले. कॉर्ड लवकर जमले; सा-ग-प एकत्र दाबायला फार अक्कल लागत नाही. खरी मजा काउंटरपॉइंटमध्ये होती. योहान योझेफ फुक्स यांचं 1725 साली व्हिएन्नात निघालेलं लॅटिन पुस्तक अजूनही या विषयाचा पाया मानतात. ते गुरु-शिष्य संवादात लिहिलंय, म्हणून मला लगेच घरच्यासारखं वाटलं. हायडन त्यावरच शिकला आणि पुढे बेथोवेनला त्याच वाटेनं धडे दिले. एक ठरलेली धून, तिच्यासमोर दुसरा आवाज: आधी स्वरास स्वर, मग एकास दोन, मग एकास चार. दोन आवाजांनी लागोपाठ पंचमाच्या अंतरानं सोबत जायचं नाही, कारण मग ते एकमेकांना चिकटतात आणि दुसऱ्याचं वेगळेपण जातं. जन्मभर तानपुऱ्याचा पंचम ऐकलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे गंमतच.

पण मी अडकले ती या व्यायामांच्या चौथ्या प्रकारात. वरचा आवाज सा धरून उभा आहे, खालीही सा आहे, सगळं शांत. मग खालचा आवाज पंचमावर जातो. वरच्यानं काहीही केलेलं नाही, तरी त्याचा तोच सा आता टोचू लागतो, आणि त्याला निषादावर उतरावंच लागतं. आमचा अचल षड्ज! तो व्यायाम मी वहीत लिहिला, वाजवला, आणि त्या दिवशी पुढे गेलेच नाही.

आमच्याकडे जमीन स्थिर असते आणि गाणारा फिरतो. मारवा रागात तानपुरा सा देतच राहतो आणि गवई रिषभ-धैवतावर रेंगाळत त्याला टाळत राहतो. सगळी तगमग त्या टाळण्यात. तिकडे गाणारा उभा, आणि जमीनच सरकते.

म्हणूनच हल्ली फ्यूजनवाले मारव्याखाली कॉर्ड लावतात तेव्हा मी वैतागते. धैवत, कोमल रिषभ, गंधार हे तिघे मिळून सरळसोट मेजर कॉर्ड होतो. खाली धैवत धरला की रिषभाला हक्काचं घर मिळतं आणि तो निवांत बसतो. मारव्याचा रिषभ निवांत बसून कसं चालेल?